तीन नळकांडी की पाच?

३ मार्च
ती. ताईस,
सा. न. वि. वि.

घसरून पडल्यानंतर बाबांनी एकटं राहू नये, म्हणून त्यांना कायमचं आमच्याकडे आणलं. चौथ्या दिवशी बॅग उचलून ते आपल्या खोलीवर परत गेले. कारण काय, तर माझ्याकडच्या पाण्याला चव नाही!

पहिल्याच दिवशी मी कौतुकानं त्यांना फिल्टर दाखवला होता, पाण्यातले क्षार मोजणाऱ्या मीटरसकट. मी वजनकाटे दुरुस्त करणारा माणूस, जिभेपेक्षा आकड्यावर माझा विश्वास. मीटर म्हणतं, पाणी उत्तम. पण मीटरला काही आमच्याकडे राहायला यायचं नाही.

फिल्टरवाला म्हणतो, तीन टप्प्यांची तीन नळकांडी आहेत, आणखी दोन जोडा. त्यातला एक म्हणे काढलेले क्षार परत पाण्यात घालतो. म्हणजे आधी काढायचे, मग घालायचे. यावरही मी मान डोलावली, इतका मी हुशार. भिंतीवर जागा नाही, त्यामुळे भांड्यांची मांडणी काढावी की नवरा, एवढंच तुझ्या भावजयीला ठरवायचं आहे.

जोडू का? लोभ आहेच, तो गाळून घेऊ नकोस.
तुझा धाकटा

९ मार्च
चि. धाकट्यास,
अ. आ.

पत्र वाचून हसले. मग बाबांना फोन केला आणि हसू गेलं. अरे शहाण्या, गावाचं पाणी तपासण्यात त्यांची तीस वर्षं गेली. साथ आली तेव्हा आठ दिवस ते टाकीवरून घरी आले नव्हते. त्यांच्यासमोर तू नळाच्या पाण्यात मीटर बुडवलंस, आकडा मोठ्यानं वाचलास आणि हे माणसांनी पिण्यासारखं नाही म्हणून ओतून दिलंस. मग त्यांनी काय टाळ्या वाजवायच्या?

मी तरी कुठे कमी? गेल्या वर्षी त्यांना भेटायला जाताना बाटलीबंद पाण्याचा खोका नेला होता. तो अजून न फोडता पलंगाखाली पडलाय म्हणे.

टप्पे राहू देत. त्यांच्याकडे जा, आणि मीटर घरी ठेवून जा. माया तशीच आहे, अक्कल तेवढी वाढव.
ताई

२ एप्रिल
ती. ताईस,
सा. न. वि. वि.

माफी मागायला गेलो आणि तोंडातून भलतंच निघालं: दोन टप्पे जोडू का, ते तुम्हीच तपासून सांगा. बाबांनी नळ किती वाजता येतो ते विचारलं. दुसऱ्या दिवशी सामान आणि नमुन्याच्या बाटल्या घेऊन हजर!

आता रोज सकाळी नळ दोन मिनिटं वाहू देऊन नमुना घेतात. बाटली धरायची मला परवानगी नाही, मी फक्त वहीत लिहायचं. माझं मीटर चुकीचं दाखवतं, हेही त्यांनी शोधून काढलं. काट्यांच्या डॉक्टराच्या घरात! ही अजून हसते आहे.

काल मी भीत भीत विचारलं, निर्णय कधी देणार? म्हणाले, उन्हाळ्याचं पाणी वेगळं, पावसाळ्याचं वेगळं, थंडीतलं वेगळं. वर्षभराचे नमुने पाहिल्याशिवाय ते कशावरही सही करत नाहीत. एवढं बोलून हिच्याकडे त्यांनी कपाटातला एक कप्पा मागितला.

फिल्टरवाल्याला पुढच्या वर्षी ये म्हणून कळवलंय. तुझी माया अशीच वाहती राहो.
तुझा धाकटा