उडणारी बंदूक

मंगळवार, यवतमाळ. कोर्टातून आल्यावर

आज माझ्याच अशिलाने मला तोंडघशी पाडलं. मारोतीकाका, झरीकडचे. तुरीत गांजा सापडला, घरात विनापरवाना ठासणीची भरमार बंदूक. म्हणजे गांजाच्या शिक्षेवर बंदुकीची वेगळी. निदान ती तरी टळावी म्हणून मी म्हटलं, "साहेब, बंदूक गंजलेली आहे, उडतच नाही."

नळीवर हळद दिसली होती मला. तेव्हाच विचारायचं ना!

काका ताडकन उठले. "काहून नाही उडत? दसऱ्याले हळद लावून पुजली, दुसऱ्याच दिवशी रानडुक्कर पाडलं!"

झालं. आता शिकारीचंही कलम लागणार.

बाहेर विचारलं, "काका, कायले बोललात?"

"गांजावाला म्हना, चालते. पन गंजलेली बंदूक पुजते म्हनलं, तर गावात तोंड कसं दाखवू?"