बारा ते चार बंद

आई, काल मी बुऱ्हाणपूरच्या बागेत कोंडली गेले. सासूबाईंची औषधं आणायला निघाले होते. दुकानदार म्हणाला, एक गोळी तासाभरात येईल. म्हणून समोरच्या बागेत शिरले. सासूबाई पडल्या आणि कंबरेचं हाड मोडून अंथरुणाला खिळल्या, त्याला आठ वर्षं झाली. शेजारची भाभी त्यांच्यापाशी बसते तेवढा एक तासच मी बाहेर असते. बाग दुपारी बारा ते चार बंद राहते, तशी पाटीही आहे. बाराला चौकीदारानं शिटी वाजवली, मग हाक दिली, "अंदर कोई है क्या?" मी करंजाच्या आडोशाला होते. ऐकलं, आणि गप्प राहिले. कुलूप लागल्याचा आवाज आला तेव्हाही उठले नाही. भाभीला फोन करून सांगितलं की गोळी मिळत नाहीये, दुसरीकडे बघते. "आराम से आओ दीदी, मैं हूँ ना," ती म्हणाली. तिच्या चांगुलपणाचीच मला लाज वाटली.

मग चार तास मी काहीच केलं नाही. सातभाई पक्ष्यांचं टोळकं वाळकी पानं उलटीपालटी करत माझ्या पायांपर्यंत आलं. पाण्याचा पाइप एका जागी फुटला होता, तिथं एक खार येऊन पाणी प्यायची, पळायची, पुन्हा यायची. ऊन सरकलं तशी मीही सरकत गेले. एवढा वेळ मिळूनही मन मोकळं होईना. घरी त्यांची कूस कोणी बदलली असेल, हेच डोक्यात.

आणि तू आठवलीस. मिलच्या कॉलनीतलं आपलं क्वार्टर. मी आठ वर्षांची. बाबा पहिली पाळी संपवून आलेत, स्वयंपाकघराच्या दारात उभे आहेत, आणि तू भाजीची पिशवी घेऊन तासभर उशिरा येतेस.

"कुठं होतीस?"

"बागेत बसले होते."

"कोणाबरोबर?"

"एकटीच."

हे उत्तर बाबांना कळलंच नाही. दुसऱ्या दिवसापासून ते मला तुझ्याबरोबर पाठवायला लागले. तू तरीही बसायचीस, कर्दळीच्या वाफ्यासमोर, माझ्या हातावर पेपरमिंट ठेवून. एकदा म्हणालीस, "थोडा वेळ बोलू नको बरं, बाळा." आठवड्याभरानं बाबा म्हणाले, "भाजी मीच आणत जाईन." तू मान हलवलीस आणि कणीक मळत राहिलीस. त्यानंतर मरेपर्यंत त्या दोन खोल्यांतून तू एकटी कुठं गेलेली मला आठवत नाही.

चारला फाटक उघडलं. "आप कब से अंदर हो?" चौकीदारानं विचारलं. झोप लागली होती म्हटलं. घरी सासूबाई म्हणाल्या, "कुठे गेलती इतका टाइम?" मी औषधांच्या दुकानांची नावं सांगितली. तुला असं खोटं कधी जमलं नाही.

तू असतीस तर हे लिहिलं नसतं. तुला वाटायचं, बागेच्या माळ्यानं चुगली केली. त्याच्याशी तू पुन्हा कधी बोलली नाहीस. आई, तू तरीही बागेत बसतेस हे मी सांगितलं होतं. बाबांनी विचारलंही नव्हतं. त्यांनी मला सायकलवर पुढं बसवलं होतं, आणि त्यांना खूश करायला मला दुसरं काही सुचलं नाही.