घर बंद नव्हतं

४ मार्च

ती. दादास,
बारकीचा शि. सा. न. वि. वि.

आधी खाली बस, मग वाच. बाबांच्या घरात गच्चीवरच्या टाकीचा पाइप फुटला. पाणी किती दिवस वाहत होतं देव जाणे. फाटकाबाहेर आलं तेव्हा शेजारच्या काकूंनी मला कळवलं. मधल्या खोलीचं छत खाली आलंय. समोरची एक खोली तेवढी कोरडी आहे.

बाबांनंतर विमा आपल्या नावावर करताना कंपनीने बजावलं होतं, घर महिनाभर बंद राहिलं तर भरपाई नाही. म्हणून तर मी तिथे राहायचं ठरलं. राहते आहे, असं दर पत्रात कळवत आले, ती सगळी थाप होती रे. पहिल्याच दिवशी कुलूप काढलं, तर खिडकीत बाबांचा चष्मा. आल्या पावली परतले. पुढचे तीन महिने फाटकावरूनच बघून जायची. बारा तारखेला विम्याचा सर्व्हेअर येतोय. त्याला काय सांगू?

लोभ उरला असला तर असू द्यावा.

तुझी,
बारकी

८ मार्च

चि. बारकीस,
अ. आ.

लहानपणी पेन्सिल हरवली तरी बाबांपुढे तुझं त त प प व्हायचं, आणि आता तीन महिने इतकी सफाईदार थाप! राग आलाय, पण तो काढायलाही सवड नाही. कारखान्याला टाळं लागलंय. घरमालकाने घर सोडायला एकतीस तारखेची मुदत दिलीय. बाबांच्याच घरी यायचं ठरवलं होतं. मुलांचे शाळेचे दाखले काढले, तुझ्या वहिनीने भांडी बांधली. विम्यातून छत झालं नाही, तर आम्ही चौघांनी जायचं कुठे?

मोठा असून तुझ्या पाया पडतो. सर्व्हेअरच्या कागदावर ‘घर बंद नव्हतं’ एवढंच लिही. काकूंनाही सांगून ठेव.

तुझा,
दादा

१३ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

नाही लिहिलं. पेन हातात घेतलं होतं. तेवढ्यात सर्व्हेअरने शेगडीवरचं कोळ्याचं जाळं दाखवून विचारलं, तुम्ही स्वयंपाक कशावर करता? खोटं बोलायला तोंड उघडलं आणि रडूच फुटलं. सगळं सांगून टाकलं. क्लेम नामंजूर होणार, असं तो जाताना स्पष्टच म्हणाला.

दादा, तुमचं छत मी घालवलं. माफ करू नकोस, पण पत्रं बंद करू नकोस.

तुझी,
बारकी

१७ मार्च

चि. बारकीस,
अ. आ.

तू एकटीने नाही घालवलंस. तू तिथे राहत नाहीस, हे मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. रोज संध्याकाळी सहाला मी बाबांच्या घरी फोन लावायचो. कुणी उचलायचं नाही. तेव्हाच तुला विचारलं असतं तर काहीतरी सोय लागली असती. पण मग तू जाऊन फोन उचलला असतास, आणि आवाज तुझा आला असता. नुसती घंटा वाजत राहिली की वाटायचं, बाबा झाडांना पाणी घालतायत, आत यायला वेळ लागणारच. या खुळापायी मी बायकोमुलांचं छत घालवलं. तिला सांगायची अजून छाती होत नाही.

एकतीसला आम्ही येतोय. त्या एका खोलीत मावू. न मावून सांगतो कुणाला. फोन त्याच खोलीत आहे, म्हणजे वाचला असेल. पत्र मिळेल त्या दिवशी सहाला तिथे जा. चष्मा उचलून आत ठेव. आणि घंटा वाजली की फोन घे, बारकी.

आशीर्वाद आहेतच.

तुझा,
दादा