डावीकडची काठी

प्रिय लॉकी,

फोनवर तू "बघतो गं आई" म्हणतोस आणि लगेच पोरांच्या हातात फोन देतोस, म्हणून म्हटलं या वेळी लिहावंच. पत्राला मध्येच तोडता येत नाही. पुढच्या नाही, त्याच्या पुढच्या शनिवारी आपल्या मैदानावर मोसमातला शेवटचा फुटबॉल सामना आहे. तुझे दोनशे नव्व्याण्णव झालेत. तीनशेवा तू इथे खेळायचास, आम्ही तुझ्यासाठी दोन काठ्यांवर कागदी बॅनर उभा करायचा आणि तो फाडत तू मैदानात शिरायचंस, एवढीच माझी मागणी आहे. गुडघा, नोकरी, बेंडिगोहून चार तास गाडी हाकणं, हे सगळं मला पाठ आहे, पुन्हा सांगत बसू नकोस. राहता राहिलं तू गेल्या खेपेला म्हणालास ते, "आई, माझा क्लबच उरला नाही. टॅलिगम नाही नि मर्चिन फ्लॅटही नाही, मग कोणासाठी खेळू?" त्याचं उत्तर मात्र मी सविस्तर देणार आहे.

उरला नाही कसा? दोन्ही गावांत मिळून अठरा धडधाकट माणसं उभी करताना नाकी नऊ यायला लागले, म्हणून दोघांचा एक केला, बस. आपल्या टॅलिगमचा मरून आणि मर्चिन फ्लॅटचा निळा आता एकाच जर्सीवर आलेत. पहिल्या दिवशी ती जर्सी पाहून मला वाटलं, धुलाई यंत्रात कोणीतरी चुकीचे कपडे एकत्र टाकलेत. आता नजरेला सवय झाली. बॅनरचं काम म्हणशील तर गुरुवारी दुपारी हॉलच्या फरशीवर, गुडघ्यांवर, मी आणि तुझ्या सासूबाई. हो, वॅल्मेच. तुझ्या लग्नापासून आम्ही दोघी विहिणी एकमेकींशी फक्त कुंपणाच्या दोन बाजूंनी बोललो, आणि तेही गोल झाला की. आता ती स्वतःची उशी घेऊन येते, स्वतःची चिकटपट्टी घेऊन येते, आणि आल्या आल्या माझी पट्टी बोटानं ताणून म्हणते, "ही होय? हिनं पाकीटसुद्धा बंद व्हायचं नाही. आमच्या मैदानाला आडोसा नाही, ग्लेनिस, वाऱ्यात टिकायला हवं." मी म्हटलं, "आडोसा नव्हता, आणि शेवटच्या मोसमात गोलही नव्हते." तर रागावेल ना? छे. खो खो हसली आणि माझ्या डब्यातला लॅमिंग्टन केक न विचारता उचलला. बाई वाईट नाही रे. मला हे कळायला एवढी वर्षं लागली, त्यात चूक तिच्या आवाजाची आहे.

तुला आठवतं का, आपल्याकडे बॅनरची डावीकडची काठी धरायचं काम नेहमी बाबांचं असायचं. तू लहान मुलांच्या संघात होतास तेव्हापासून. बॅनर उभा करायच्या आधी ते खिशातला चाकू काढायचे आणि क्रेप कागदाच्या मधोमध, धावणाऱ्याच्या छातीच्या उंचीवर, वीतभर छेद द्यायचे. लांबून दिसायचा नाही, पण खेळाडू सहज आरपार जायचा आणि लोकांना वाटायचं काय ताकद आहे गड्याची. तुझ्या शंभराव्याला तू असा बाहेर पडलास की कागदाची मरून शेपटी तुझ्या कानात अडकली होती, आणि बाबा काठी धरून इतके हसत होते की त्यांची बाजू कलली. मग तू केरीशी लग्न केलंस, तिच्या वडिलांच्या शेतावर कामाला गेलास आणि पुढच्या मोसमात निळी जर्सी घातलीस. त्या वर्षी पहिल्या बॅनरला बाबांनी काठी कुंपणाला टेकवून ठेवली आणि गाडीत जाऊन बसले. तेव्हापासून ते आपल्या मैदानावरचा प्रत्येक सामना काचा वर करून गाडीतूनच बघतात. आपल्या बाजूनं गोल झाला की इतरांसारखा भोंगा वाजवतात, एवढंच. छेद द्यायचं काम माझ्याकडे आलं.

तुझ्या दोनशेव्याला मी तिकडे आले होते. त्यांच्या कुंपणापाशी उभी राहून त्यांचे कोरडे स्कोन खाल्ले आणि तू वॅल्मेच्या बॅनरमधून खांदा मारून बाहेर आलास तेव्हा टाळ्या पिटल्या. बाबा घरी मेंढ्यांना औषध पाजत होते. औषधाची वेळ नव्हती, मेंढ्यांनाही ते माहीत होतं. पुढे तुमचं दोघांचं बोलणं पाऊस आणि कुत्र्यांवर येऊन थांबलं. नाताळात एका टेबलाशी बसून तुम्ही दोघं इतके नीट वागता की मी सारखी उठून कोणाच्या तरी ताटात काहीतरी वाढत राहते. भांडला असतात तर बरं झालं असतं, मी मध्ये पडून मिटवलं तरी असतं.

आता मे महिन्यातली गोष्ट ऐक, केरीनं अर्धीमुर्धी सांगितली असेलच. आपला नवा कप्तान ब्रॉडी, त्याचा शंभरावा, आणि आम्हा दोघींचा पहिला एकत्र बॅनर. तोपर्यंत आमची नुकतीच गट्टी जमली होती, म्हणून दोघीही अति शहाण्यासारख्या सौजन्यानं वागत होतो. मर्चिन फ्लॅटला छेद देत नाहीत, हे मला ठाऊक होतं. म्हणून मी चाकू बाजूला ठेवला, म्हटलं तिच्या पद्धतीचा मान राखू. आणि तिला वाटलं, ग्लेनिस शेवटी छेद देणारच आहे, तर मागून जरा जास्त पट्ट्या मारू, म्हणजे त्याआधी वाऱ्यात फाटायचा नाही. तिनं आडव्या मारल्या, उभ्या मारल्या, वर माझ्या पट्ट्या होत्याच. ब्रॉडी आला धावत, छाती काढून. कागद आत गेला, ताणला, आणि त्यानं ब्रॉडीला होता तसा परत पाठवला. तो ढुंगणावर बसला, मागची पोरं त्याच्यावर, काठीवाले दोघं मध्ये ओढले गेले आणि सगळ्यांवर मरून-निळं पांघरूण. पंच शिट्टी तोंडात धरून नुसता उभा. कागदाखालून ब्रॉडीचा आवाज आला, "मला घरी जाऊ द्या, नव्व्याण्णव पुरेत."

तेवढ्यात गाडीचा भोंगा वाजायला लागला तो थांबेचना. आपली गाडी. मला वाटलं बाबांना काही झालं, डोकं स्टिअरिंगवर पडलंय. मी त्या चिखलातून धावत गेले. डोकं स्टिअरिंगवर होतं खरं, पण खांदे गदगदत होते आणि डोळ्यांतून पाणी. हसत होते रे. हसता हसता काच खाली केली. तिकडून वॅल्मेसुद्धा धापा टाकत आली होती, तर तिला म्हणाले, "बाई, तुम्ही बॅनर केला की मेंढ्यांचा कोंडवाडा?" त्या घराण्यातल्या माणसाशी ते स्वतःहून पहिल्यांदा बोलले ते तेव्हा. घरी चहा पिताना त्यांनी मला एकच विचारलं, "छेद कोण देणार होतं?" मी म्हटलं, तिला वाटलं मी, मला वाटलं ती. तर म्हणाले, "ते काठीवाल्याचं काम आहे," आणि कुत्र्यांना घेऊन बाहेर गेले. मी कप विसळत बसले. मला गप्प बसता येतं, हे तुम्हा कोणाला पटत नाही.

मग तुझा विषय निघाला. समितीतल्या तरुण मंडळींचं म्हणणं, दोन क्लबांचे सामने एकत्र कसे मोजायचे, नव्या क्लबात तर लॉकीचा एकही नाही. वॅल्मे उभी राहिली. "पोरगा एकच आहे ना? गुडघे तेच आहेत ना? मग बेरीज करा." तिच्यापुढे कोण टिकणार, केली बेरीज. मग ते म्हणाले, बरं, पण शहरातून छापील कापडी बॅनर मागवू, त्यावर लॉकीचा फोटो, मध्ये दोन भाग नुसते चिकटवलेले, खेळाडू गेला की उघडतात, नंतर घरी नेऊन भिंतीवर लावता येतो. नमुना आणला होता, छान होता, खोटं कशाला बोलू. पण आम्ही दोघी एकाच दमात नाही म्हणालो. वॅल्मे म्हणाली, "जो फाटत नाही तो पडदा झाला. पडदे मी घरी लावते." सगळे हसले आणि ठराव आमच्या बाजूनं झाला. प्रशिक्षकानं तुझं नाव दुसऱ्या संघात नोंदवून ठेवलंय. तू पहिल्या संघात धावशील अशी कोणाची अपेक्षा नाही, माझी तर मुळीच नाही.

पण हे सगळं केरीही तुला सांगू शकली असती. मी लिहायला बसले ते आज जे झालं त्यानं. दुपारी आम्ही तुझ्या नावातलं शेवटचं अक्षर चिकटवत होतो, तेवढ्यात बाबा हॉलमध्ये आले. टोपी काढली, फरशीवरच्या कागदाभोवती एक फेरी मारली आणि खिशातून पेन्सिल काढून मध्यावर एक बारीक खूण केली. मागे सरले, बघितली, खोडली, आणि आणखी वर केली. वॅल्मेनं विचारलं, "इतक्या वर?" तर तिच्याकडे न बघता म्हणाले, "तो माझ्यापेक्षा चार बोटं उंच आहे." आणि गेले. मी संध्याकाळी दोरीवरचे वाळलेले कपडे काढायला अंगणात गेले, तर शेडच्या मागे, जिथून कोणाला दिसणार नाही असं त्यांना वाटतं, ते वाऱ्यात पाय रोवून उभे होते, दोन्ही हातांत ती जुनी काठी, नुसती, बिनकागदाची. खाली करायचे, पुन्हा उभी करायचे. सत्तरी उलटली रे त्यांची. ते तुला कधी विचारणार नाहीत, मरून जातील पण विचारणार नाहीत, म्हणून मी विचारते. ये. त्यांना फोन करू नकोस, काही बोलायचं ठरवून येऊ नकोस, फक्त बूट घेऊन ये. आणि धावत येशील तेव्हा मान खाली घालू नकोस, डावीकडे बघ.

तुझीच, अजून कोपरांना चिकटपट्टी लागलेली,
आई