नानांनी धरलेल्या जागा

तीर्थरूप नाना,

गेलेल्या माणसाला पत्र लिहून काय उपयोग, असं तुमच्या जावयानं आत्ताच विचारलं. मी म्हटलं, उपयोग नसू दे, पण आज मुक्ताच्या शेतात जे ऐकून आले ते तुम्हाला सुनावल्याशिवाय माझ्या घशाखाली घास उतरणार नाही! महिना झाला तुम्हाला जाऊन, आणि माझ्या घरात कोण राहत होतं ते मला आज कळलं.

संध्याकाळच्या वर्गाचे पहिले दिवस आठवतात? शाळा सुटल्यावर आठवी ते दहावीच्या पोरापोरींनी थोडं थांबावं, अभ्यास करावा, खेळावं, म्हणून मी आमच्या शाळेत तो सुरू केला. मिसरूड फुटायला लागलेल्या पोरांना टाळ्या वाजवत गोल फिरायला लावलं! चॉकलेटं वाटली, रंगीत तक्ते लावले. पोरं चॉकलेट तोंडात टाकायची, सायकलवर टांग मारायची आणि मानवत गावच्या रस्त्याला लागायची. पंधरा दिवसांत सतरंजीवर सहाजण उरले, त्यातले दोघं पावसामुळं अडकलेले.

मी घरी येऊन रडले. आणि तुम्ही, सातवी पास, जन्मभर एसटीत कंडक्टरकी केलेले, म्हणालात, "शाले, मी येऊन बसू का गं? घरी बसून लय कटाळा यायलाय."

काय केलंत तुम्ही? काहीच नाही! पोरांना म्हणालात, आपापली जागा धरा. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून धरतात तशी. ज्याला जिथं बसायचं तिथं त्यानं घरून आणलेला रुमाल टाकायचा, अन् ती जागा त्याची. मागं भिंतीला टेकणाऱ्यांना पुढं ओढायचं नाही, दोस्तांची ताटातूट करायची नाही. कुणी चार दिवस आलं नाही तरी त्याचा रुमाल हलवायचा नाही. चुकून दुसरं कुणी तिथं टेकलं की तुमचा तो जुना आवाज: "ओ पावणं, भरलेली हाय ती जागा!" पोरं खिदळायची. आणि दांडी मारलेलं पोरगं परत आलं की "कुठं होतास?" असं एकदासुद्धा नाही. "ये, बस." संपलं. आईबापाला न जुमानणारी ती पोरं दिवेलागणीपर्यंत जागची हलायची नाहीत. मी दारात उभी राहून नुसती बघत राहायचे. हे तुम्हाला कसं जमायचं, नाना?

आणि मग मी माती खाल्ली. तालुक्याहून साहेब वर्ग बघायला येणार होते, तुम्ही छातीच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळलेले. मी ते मळके रुमाल गोळा करून कपाटात कोंबले. महिनाभर न आलेल्यांची नावं हजेरीतून लाल पेनानं खोडली. वर्ग भरलेला दिसावा म्हणून पाचवीची लेकरं आणून बसवली. नेमकी त्याच दिवशी मुक्ता आली. कापसाच्या वेचणीत महिनाभर अडकलेली आपली नववीची मुक्ता. शेतातून थेट आलेली, पाय मातीनं भरलेले. तिनं दारातून आपल्या जागेकडं बघितलं. तिथं पाचवीतलं एक लेकरू बसलेलं. ती आल्या पावली वळली. त्यानंतर ती वर्गात नाही, आणि शाळेतही नाही.

घरी येऊन मी फुशारकीनं सांगितलं, साहेब लय खूश झाले. तुम्ही विचारलंत, "मुक्ताचा रुमाल कुठाय?" कपाटात, म्हटलं. तुम्ही भिंतीकडं तोंड केलंत. रागावला असतात तर बरं झालं असतं हो! आठ दिवसांनी तुम्ही गेलात, आणि मला माफी मागायचीही राहून गेली.

आज शेवटी हिय्या करून तिच्या शेतात गेले. तिची आई कापूस वेचत होती. मला वाटलं, ही आता तोंड सोडणार. तर म्हणते कशी, "बाई, बसा. तुमचे नाना बी हितंच बांधावर बसायचे की, दर ऐतवारी."

दर ऐतवारी? दर रविवारी तर तुम्ही पोखर्णीला नरसिंहाच्या दर्शनाला जायचात! प्रसाद कुठाय विचारलं की "वाटला वाटेत" म्हणायचात. धडधडीत खोटं, तेही देवाच्या नावावर!

"शिकवायला यायचे का?" मी विचारलं.

"न्हाई वो. पोरीला पाठवा, असं बी कधी म्हणले न्हाईत. वर्गात काय काय झालं तेवढं सांगायचे. कोण कोणासंगं भांडलं, कोणतं गणित कुणालाच आलं न्हाई. मी म्हणलं, हे कशाला सांगायलात? तर म्हणले, पोरगी परत येईल तवा तिला परकं वाटू नये. आमच्याकडंच न्हाई, पलीकडच्या वस्तीवर बी जायचे. एकदा तर कमरेला फडकं बांधून आमच्यासंगं वेचाय लागले. गुडघा धड न्हाई, पण ऐकतंय कोण!"

नाना, सतरंजीवरचे रुमाल मला दिसायचे. त्यांच्यासाठी तुम्ही काळ्या रानात एवढी तंगडतोड करत होतात, याचा मला पत्ताच नाही. एवढं मोठं माणूस माझ्या ओट्यावर बसून बशीनं चहा प्यायचं, आणि मी त्याला "सांडू नका" म्हणून ओरडायचे!

मुक्ता पाठमोरी वेचत होती. मी म्हटलं, "मुक्ता, चुकलं माझं."

ती वळली. "बाई, त्या दिशी तुमी मला बघितलं व्हतं."

"हो."

"मग हाक का न्हाई मारली?"

साहेबांच्या गडबडीत होते, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण तुम्ही बसायचात त्याच बांधावर मी उभी. "साहेबांपुढं तुझ्या मातीच्या पायांची लाज वाटली मला," मी म्हटलं. तिची आई वेचायची थांबली.

मुक्तानं हातातला कापूस ओटीत टाकला. मग म्हणाली, "चार दिसांत वेचणी सरंल. मग येते. पण हजेरीत माझं नाव तुमी लिवायचं न्हाई, बाई. मी लिवणार."

एवढीशी पोरगी, नाना! मी हो म्हटलं.

तर तुम्हाला शब्द देते. उद्याच नवी हजेरी आणते आणि सतरंजीच्या मधोमध ठेवते. ज्याचं नाव त्यानं लिहायचं, खोडायचं कुणीच नाही. रविवारी बांधावर आता मी जाईन. तुमच्यासारखं जमेलच असं नाही, मला गप्प बसता येत नाही हे तुम्हाला ठाऊकच आहे. पण चार दिवसांनी मुक्ता दारात आली, की समोर साहेब बसलेले असोत नाहीतर आणखी कुणी, मी तिला मोठ्यानं हाक मारेन.

तुमचीच,
शालू