बनाबाईंचा रोल

११ जानेवारी

उद्या बाराचा शो. सव्वा महिना परवाच झाला, आणि बाळंतिणीचं पहिलं बाहेर पडणं कुठं? तर भुताच्या सिनेमाला! आई म्हणाली, "बाळाला विहारात न्यायचं सोडून ही थेटरात निघाली!" पण सिनेमा धाकट्या भावाचा. जीतूनं मित्र गोळा करून दोन वर्षं राबून काढलाय, आमच्याच गल्लीत आणि कळंब्याला. एका थेटरात एक शो मिळालाय. बहीण म्हणून न जाऊन कसं चालेल?

धास्ती वेगळीच आहे. बनाबाईही येणार. आमच्या भागात बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालायचं तर बनाबाईंनीच. माझ्या बाळालाही रोज सकाळी त्याच. सिनेमात त्या आहेत. गेल्या वर्षी जीतू म्हणाला, "ताई, तू विचार. तुझं ऐकतील." मी सांगितलं – आजीचा रोल, नातवाला अंघोळ घालायची, बस्स.

हडळीचा रोल आहे हे मला माहीत होतं. खरं सांगितलं असतं तर नाही म्हणाल्या असत्या, म्हणून सांगितलं नाही. दुसरं कारण नाही.

१२ जानेवारी

बाळाला आईजवळ ठेवलं. बनाबाई इरकल नेसून आल्या. रिक्षात बसल्यापासून खूश.

पडद्यावर दिसल्या तसा माझा हात धरला. "अगं बया, मी हाय की!" पाय लांब करून बसलेल्या, पायावर बाळ, एका हातानं मान सावरून तांब्यानं पाणी ओततायत. शूटिंगला बाहुली होती, पण कळत नाही. मग तेच पाय, तेच पाणी – आणि पायावर बाळच नाही! हात मात्र हवेतच चोळतायत. मग त्या मान वर करून सरळ आपल्याकडं बघतात. "हसू नका, नुसतं बघा," असं जीतूनं सांगितलं होतं. थेटर किंचाळलं. शिट्ट्या! माझ्याही अंगावर काटा आला. सिनेमा चांगला झालाय, हीच तर पंचाईत.

माझ्या हातावरचा हात कधी निघाला कळलं नाही.

मध्यंतरात पोरं आली. "आज्जी, तसंच बघा की जरा, सेल्फी काढतो!" त्यांनी बघितलं. पोरांनी मागितलं म्हणून. पलीकडं एका बाईनं लेकराचं तोंड ओढणीत झाकून घेतलं, तेही त्यांना दिसलं.

घरी येताना एकच बोलल्या, "पानी लई गार हुतं त्या दिवशी. बाहुली हुती म्हणून बरं."

१४ जानेवारी

आज सांगणार होते. नुसता चहा दिला.

१७ जानेवारी

शो आठवडाभर वाढला. जीतू पेढे घेऊन आला. मी माझा बाजूला ठेवला.

मागच्या गल्लीतली स्वप्नाली बाळंत झाली. ती जन्मली तेव्हा तिलाही बनाबाईंनीच न्हाऊ घातलेलं. आज त्या गेल्या तर सासू दारातच, "सुनेनं पिच्चर बघितलाय, ती न्हाय म्हणत्या. आमी दुसरी बाई बघितली." हे आईनं ऐकून आणलं. बनाबाई सकाळी आमच्याकडं आल्या तेव्हा इथनं त्यांच्याकडंच जायचंय म्हणून बोलत होत्या. आता त्यांच्या हातात फक्त आमचं घर राहिलं.

जीतूला सांगितलं. तो म्हणतो, "ताई, म्हंजे काम किती भारी झालंय बघ की!" कानाखाली वाजवावीशी वाटली. पण त्याला काय बोलू? त्यानं सिनेमा काढला. खोटं मी बोलले.

२० जानेवारी

सांगितलं एकदाचं!

बाळाला तेल लावणं चाललेलं. बाळ डोळे मिटून पडलेलं. म्हटलं, "बनाबाई, तो रोल कसला ते मला आधीपासून ठाऊक होतं." त्यांचा हात थांबला नाही. "व्हय? मला वाटलं जीतूनं तुलाबी फसवलं." एवढंच. मग टाळूवर तेल जिरवत बसल्या. मी रडायला लागले तर मलाच दटावलं, "रडू नगं, दूध आटंल."

बाळाला दुपट्यात गुंडाळून माझ्याकडं दिलं आणि म्हणाल्या, "लोक भ्यालं तर भिऊ देत. एक सांग निशा, तुला न्हाय न्हवं वाटत माझी भीती?"

"छे! काहीतरीच काय!" मी म्हणाले.

"मग झालं तर," म्हणाल्या. जाताना गुणगुणत गेल्या. कित्येक दिवसांनी.

२१ जानेवारी

आज त्या न्हाणीत बाळ घेऊन बसल्या. वारं लागतं म्हणून नेहमीसारखं दार ओढून घेतलं. मी बाहेर. पाण्याचा आवाज येत होता, बाळाचा येत नव्हता. मी दार ढकललं. बाळ पायावरच होतं, मजेत. "उघडंच राहू दे," मी म्हणाले. एवढ्या थंडीत. त्यांनी माझ्याकडं बघितलं.

२२ जानेवारी

बाळाला सर्दी झालीय, चार दिवस येऊ नका, असा आईकडून निरोप पाठवला. बाळाला सर्दी नाही.