आप्पांच्या झोपेची वही

मंगळ., ३ फेब्रु.
आप्पा भरदुपारी पायरीवरून घसरले. हाड शाबूत. जेवतानाही पेंगतात, घास हातातच राहतो. धाराशिवला दाखवलं. काकांनी थेट झोपेची गोळीच मागितली. गेल्या वर्षी तीच गोळी घेऊन आप्पा पहाटे न्हाणीत पडले, तीन महिने खाटेवर होते. पोटच्या मुलाला एवढंही आठवत नाही. डॉ. म्हणाले, "रात्री जाग कशानं येते ते लिहून आणा. सोळा तारखेला वही बघून ठरवू."
वही माझ्याकडे, नातीकडे. शाळेच्या आधी आप्पांनीच पाटीवर अक्षरं गिरवून घेतली होती. सोबत एक नियम : ऐकीव लिहायचं नाही. बघितलेलंच.

बुध., ४
या आठवड्यात शेतीच्या पंपाला लाईट रात्री. ती आली की वाजणारी बेल काकांनी आप्पांच्या उशाशी ठोकली आहे. का? तर, "म्हातारपणी झोप कुठं असती? जागंच असतेत, ऐकतील की." आणि स्वतः मागच्या खोलीत पंखा लावून घोरतात.
रा. ११.४० बेल. ऐंशीचा बाप काठी टेकत जाऊन पन्नाशीच्या मुलाला उठवतो. मुलगा कांद्याला पाणी देऊन येतो आणि सकाळी पारावर सांगतो, "रातभर जागायलाव मी." आप्पा त्यानंतर उजाडेपर्यंत पत्र्याकडे बघत, मी शेजारी बसून.

शुक्र., ६
बेल ११.५५. त्याआधी भिंतीपलीकडून काकूंच्या मोबाईलवरची मालिका, आवाज पूर्ण. म्हटलं, काकू, जरा हळू. "त्यांना ऐकू कुठं येतंय गं!" आप्पांबद्दल काहीबाही बोलतानाही हेच वाक्य. सोयीचे कान आहेत, आप्पांचे नव्हेत, काकूंचे.

रवि., ८
काका : "काय मास्तरीणबाई, माझं घोरणं बी लिवलं का?"
लिहिलं होतं. वेळेसकट.

मंगळ., १०
कालपासून लाईट दिवसा, बेल गप्प. काकू येडशीला माहेरी. घर कसं स्वच्छ वाटतंय. वही घेतल्यापासूनच्या नेमाप्रमाणे बारा, दोन, चार वाजता दार उघडून बघितलं. तिन्ही वेळा आप्पा झोपेत! आता वही पुरावा होणार. काका तोंड कुठं लपवतात ते बघतेच.

गुरु., १२
सगळे रकाने "झोपेत". तरी दुपारी आप्पा बसल्या बसल्या कलंडले, चहा धोतरावर. काकांनी वही ओढून घेतली. "बघा! बेल न्हाय, झोप बरोबर, तरी पेंगतेत. म्हंजी रोगच हाय. गोळी सुरू करायची."
त्यांचा पुरावा, माझं अक्षर.

शनि., १४
आप्पांची नखं काढताना विचारलं.
"आप्पा, रात्री झोप लागते ना तुम्हाला?"
"तू आलीस की झोपतो."
"म्हणजे?"
"दार कुरकुरतंय. जाग येती. जागा दिसलो की तू हितंच बसणार, उशी-पांघरूण करत. मग डोळे मिटून घेतो. तू पण झोप की गं बाई जरा."
"दारानं जाग कधीपासून येते?"
"वही घेतलीस तवापासून."
काकांची बेल रात्रीतून एकदा. माझं दार तीनदा. आणि गेले दहा दिवस या घरातली एकटी शहाणी मी.

रवि., १५
काकांना सांगितलं. सांगणं भाग होतं. खोकला येईपर्यंत हसले. "चोर घावला! अन् बोल लावती बेलीला!"
म्हटलं, माझे "झोपेत" सगळे खोडले. कारण लिहिलं : मी. पण बेलही खरी आहे. उद्यापासून परत रात्रीची लाईट, ती बेल तुमच्या खोलीत घ्या.
"अन् मग मी झोपू कधी?"
आप्पांच्या देखत. लाज नाही, गंमतही नाही, अगदी सरळ विचारलं. वाक्य जसंच्या तसं उतरवलं आहे. डॉक्टरांना एवढं पुरे व्हावं.
संध्याकाळी दाराच्या बिजागरीला गोडेतेल सोडलं.

सोम., १६, सकाळ
रात्री दार उघडलं नाही. पलीकडे अंथरुणात कान देऊन पडले होते. काही ऐकू आलं नाही.
"झोप लागली का आप्पा?"
"लई गाढ."
फार लवकर म्हणाले. मला धीर द्यायचा म्हणून? ऐकीव लिहायचं नाही. कालचा रकाना कोरा. गोळीविना झोप लागल्याची एक रात्र हाताशी हवी होती, आणि तीच कोरी.
नऊची एस.टी. आप्पा निघायच्या आधी जरा बाजेवर आडवे झाले, डोळे मिटून. काका आत आले. आजपासून रात्रीची लाईट, म्हणून बेल चालते का ते वाजवून बघितलं. दोनदा. माझ्याकडे बघून म्हणाले, "बघ, हलले बी न्हाईत."
आप्पांची पापणी हलली.
हे मी बघितलं. लिहिलं.